कंप्लेंटकाकीचा नारळ

हं, बुक्का लागला, हार घातला, पेटीवाल्यांचा चहा झाला. आता कुणी उठायचं नाही! पूर्वरंगात उठलात, मी काही बोललो नाही. पण आख्यानाला जो उठेल त्याचं नाव घेऊन सांगेन, आणि माईक चालू आहे बरं का!

मंडळी, ऐका. आज एकच प्रश्न आहे, साधा प्रश्न. तक्रार करावी की करू नये?

बघा, पुढच्या रांगेतल्या आजोबांनी लगेच मान हलवली — करू नये! अहो आजोबा, आल्या आल्या पंख्याबद्दल कोण बोललं मग? असू द्या, असू द्या. तुमचंच नाही, सगळ्यांचं तेच. आपली तक्रार ती अडचण, आणि दुसऱ्याची तक्रार ती कटकट!

आता आपण मराठीत तक्रार कुठे म्हणतो? कंप्लेंट म्हणतो! "शेजाऱ्याची कंप्लेंट केली." "गॅसवाल्याकडे कंप्लेंट टाकली." नळ गळतोय, कंप्लेंट! सून बोलत नाही, कंप्लेंट! सून बोलते, दुप्पट कंप्लेंट! पण हा शब्द आला कुठून? कधी विचारलंत?

मीही नव्हतं विचारलं. गेल्या महिन्यात एका गावी कीर्तन झालं आणि दमयंतीबाई केरकर म्हणून बाई भेटल्या. हायस्कुलात तीस वर्षं इंग्रजी शिकवलेलं. धाक अजून डोळ्यांत! मला म्हणाल्या, "बुवा, कंप्लेंट कंप्लेंट करून लोकांना हसवलंत, पण शब्दाचा अर्थ ठाऊक आहे का?" मी म्हटलं, "बाई, आमचं इंग्रजी थँक्यूपर्यंत!" तर त्या मला बाकावर बसवून सांगायला लागल्या. इंग्रजांनी हा शब्द घेतला फ्रेंचांकडून, फ्रेंचांनी घेतला लॅटिनमधून. आणि लॅटिनात मूळ शब्द काय? प्लांगेरे! म्हणजे काय? बडवणं! ऊर बडवून घेणं! घरात मयत झालं की बाया ऊर बडवून आकांत करायच्या ना, तो आकांत म्हणजे प्लांगेरे!

अहो, मी ताडकन उठलो! मी म्हटलं, "बाई, हे तर आमचंच! आम्हीही ऊर बडवणं म्हणतो!" मग मी विचारलं, "आणि पुढचं ते 'कॉम' कशाचं?" त्या म्हणाल्या, "कॉमचा एक अर्थ सोबत. कंपनी या शब्दात तोच आहे. पण इथे विद्वान म्हणतात, कॉम म्हणजे नुसतं जोरात, अगदी मनापासून." मी म्हटलं, "बाई, मला तो सोबतचा अर्थ द्या ना!" त्या म्हणाल्या, "बुवा, हे व्याकरण आहे, मंडईतली वांगी नव्हेत. निवडून घेता येत नाही!"

बरं बाई, नाही तर नाही. पण मंडळी, मी घरी आलो आणि रात्रभर डोळ्याला डोळा नाही. कारण सात वर्षांपूर्वी मी एक कंप्लेंट या डोळ्यांनी पाहिली होती. बाईंच्या पुस्तकात नसलेला 'सोबत' मी तिथे पाहिला. आणि ती गोष्ट मी आजवर कुठल्याच कीर्तनात सांगितली नाही. का नाही सांगितली? कारण त्या गोष्टीत मूर्ख कोण आहे माहीत आहे? मी! मी आहे! आज सांगतो.

कोकणात वडाखोल नावाचं गाव. लाल माती, काजूच्या बागा, उतारावर पाच-पन्नास घरं. ग्रामदेव रवळनाथ. जत्रेला मला बोलावलं होतं. उतरलो कुणाकडे? गावच्या मानकऱ्याकडे, दाजी परबांकडे. देवाचा पहिला मान त्यांचा. पाहुणचार काय सांगू! ओल्या काजूची उसळ, तांदळाची भाकरी, वर सोलकढी! मी दोन दिवसांत अंगरख्याची गाठ सैल केली.

जत्रेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी कीर्तन. विषय घेतला समाधान. आणि मी काय रंगलो हो! तक्रारखोर माणसाची नक्कल करून दाखवली — नाक वर, भुवया खाली, "ह्याचं असं का, त्याचं तसं का!" लोक हसून हसून लोळले. आणि वर मी ठोकून दिलं, "ज्याच्या तोंडी तक्रार, त्याच्या घरी देव पाय ठेवत नाही!" टाळ्या! आणि काय झालं, टाळ्या वाजवता वाजवता सगळं देऊळ एकाच बाजूला बघायला लागलं. बायकांत खांबाला टेकून एक म्हातारी बसली होती. ती उठली. मला नाही, देवाला हात जोडले आणि निघून गेली.

मला काय वाटलं असेल? वाटलं, वा! कीर्तन लागलं! हृदयपालट झाला! अहो, इतका मी शहाणा!

दुसऱ्या दिवशी सकाळी, दाजींच्या अंगणात तोंड धुतोय, तर गडग्यापलीकडून हाक. गडगा म्हणजे काय, कोकणातल्यांना सांगायला नको, बाकीच्यांनी ऐका. जांभ्या दगडाचे चिरे एकावर एक रचलेली कुंपणाची भिंत. छातीइतकी उंच. पलीकडे तीच म्हातारी.

"बुवा, मी घरात येवचंय नाय. हयसूनच इचारतंय. तक्रार करणाऱ्याच्या घराक देव येना नाय, असा काल तुमी म्हणालात ना?"

म्हटलं, "हो माई, म्हणालो."

"ह्यो गडगो घातल्यानी, तेव्हा मी कोणाकडेच तक्रार केलंय नाय. देवाच्या कानार घातलंय आणि गप रवलंय. मगे माझो नातू वाटेर गेलो, तेव्हा देव खय होतो?"

मंडळी, पंचवीस वर्षं कीर्तन करतोय. माझ्या पोतडीत दृष्टांत काय कमी आहेत? पण एक — एक सुचेना! तांब्या खाली ठेवला आणि तिची सगळी हकिकत ऐकून घेतली.

म्हातारीचं नाव सत्यभामा पेडणेकर. मुलगा गोव्यात नोकरीला, घरात ही आणि सून रसिका. घर दाजींच्या बागेच्या वरच्या अंगाला. पूर्वी बागेतून वाट होती, रिक्षा थेट दारात जायची. दाजींनी काजूची नवी कलमं लावली, गुरं शिरतात म्हणून गडगा घातला आणि वाट बंद! जमीन दाजींची, सातबारा दाजींचा. कायद्याने बोट दाखवायला जागा नाही. मग पेडणेकरांनी जायचं कुठून? मागून व्हाळ उतरायचा, म्हणजे ओढा हो, दगडधोंड्यांचा. मग घाटी चढायची, तेव्हा कुठे डांबरी रस्ता. आणि गडगा घातला त्याच वर्षी सुनेला दिवस राहिले. पोटात दुखायला लागलं. खुर्चीला दोन बांबू बांधले, चौघांनी उचललं. पाऊण तास! व्हाळातच बाळ आलं. आलं आणि गेलं. रडलंसुद्धा नाही.

त्या दिवसापासून म्हातारीने तोंड उघडलं. सरपंच, तलाठी, ग्रामसभा, एक दार सोडलं नाही. सगळीकडे उत्तर काय? "बघूया!" गावात कुणाच्याही ओटीवर बसली की हाच विषय. लोक कंटाळले. आणि गावाने तिचं नाव काय ठेवलं असेल? कंप्लेंटकाकी! "इली बघ कंप्लेंटकाकी!" म्हणायचे आणि आतून कडी लावायचे. आणि आदल्या संध्याकाळी त्याच गावाला मी टाळ्या वाजवायला लावल्या होत्या!

मी म्हटलं, "माई, मला ती वाट दाखवा." आणि गेलो की मागून! व्हाळात पाय घसरला, धोतर करवंदीच्या जाळीत अडकलं, एक वहाण पाण्यातून गेली ती गेलीच. हसा, हसा! मी धडधाकट पुरुष, रिकाम्या हातांनी, मला अर्धा तास लागला. वर पोचलो तर ओटीवर सून बसलेली. आठवा महिना पुरा. पाय हे एवढे सुजलेले! डॉक्टरांनी सांगितलेलं, ब्लडप्रेशर आहे, जरा काही वाटलं तर तासाच्या आत दवाखाना. पोरगी मला नमस्कार करायला वाकायला लागली. मी म्हटलं, "नको गं बाई, वाकू नको, तू वाकू नको!"

आणि तिच्या मागे पाहिलं तर खुर्ची तयार! दोन बांबू बांधून भिंतीला टेकवून ठेवलेली. तीच खुर्ची!

आता तुम्ही म्हणाल, बुवा तडक दाजींकडे गेले असतील आणि चांगलं सुनावलं असेल. गेलो ना! जेवायला बसलो. तोंड उघडलं. म्हटलं, "दाजी, एक बोलायचं होतं —" दाजी म्हणाले, "सोलकढी वाढू?" आणि मी? मी म्हटलं, "वाढा."

अरे, शरम वाटते! आज माईकवर सांगताना शरम वाटते. वाढा म्हणालो मी!

दुपारी देवळात गाऱ्हाणं. मंडळी, आता नीट लक्ष द्या. गाऱ्हाणं म्हणजे काय? तक्रारच! पण कोकणात ती देवापुढे घालायची रीत आहे. ज्या घराला काही सांगायचं असेल, त्याने देवापुढे नारळ ठेवायचा आणि गुरवाच्या कानात सांगायचं. मग गुरव एकेक नारळ उचलून मोठ्याने देवाला सांगतो, "बा देवा म्हाराजा, ह्याच्या झिलाक नोकरी लागू दे!" झील म्हणजे मुलगा हो! आणि सगळा गाव एका आवाजात काय म्हणतो? "व्हय म्हाराजा!" का? अहो, एकट्याचं दुखणं एकट्याने सांगायचं नाही, म्हणून! एक सांगेल, सगळे होय म्हणतील, म्हणजे ते गाऱ्हाणं साऱ्या गावाचं झालं. केवढी मोठी रीत! कुणी घातली असेल त्याला माझा साष्टांग दंडवत!

पण नारळ किती? चाळीस! तातू गुरवाचा आवाज खणखणीत. पहिला नारळ — सगळे हात जोडून, डोळे मिटून, "व्हय म्हाराजा!" पाचवा — "व्हय म्हाराजा!" दहाव्याला कुणी तंबाखू मळतोय, "व्हय म्हाराजा!" विसाव्याला तरण्या पोरांत क्रिकेट, "अरे, तो आऊट नव्हतोच — व्हय म्हाराजा! — बॅट लागलेली!" हसताय? तुम्ही आरतीला काय करता? टाळ्या वाजवताना कुकरच्या शिट्ट्या मोजता की नाही? मी बघतो हो इथून!

मी परका, मला सगळंच नवीन, म्हणून मी एकटा कान देऊन ऐकत होतो. एकतिसावा नारळ उचलला. तातू गुरव म्हणाले, "बा देवा रवळनाथा म्हाराजा! ही तुझी लेक सत्यभामा नारळ ठेवन सांगता. हिच्या दारची वाट गडग्यान बंद झाली हा. ती वाट मोकळी कर आणि हिच्या सुनेक सुखरूप मोकळी कर रे म्हाराजा!"

आणि गाव काय म्हणाला?

"व्हय म्हाराजा!"

सगळा गाव! सरपंच — व्हय म्हाराजा! आतून कडी लावणारे — व्हय म्हाराजा! आणि सगळ्यांत पुढे, मानाच्या जागी, हात जोडून, डोळे मिटून दाजी परब — "व्हय म्हाराजा!"

मी तातूंचा हात धरला. "अहो, हे आत्ता काय म्हणालात?" ते हळूच म्हणाले, "बुवा, ह्या तिसरा वरीस. दरवर्सा ह्या वाटेचा म्हणतंय, दरवर्सा सगळे व्हय म्हणतत."

तिसरं वर्ष, मंडळी! म्हणजे नातू गेला त्याच्या आधीसुद्धा हा नारळ ठेवला होता! आधीसुद्धा होय म्हणाले होते! त्या पहिल्या वर्षी एका माणसाने, एका माणसाने जरी ऐकून होय म्हटलं असतं, तर?

माझा ताबा सुटला. पाहुणा बिहुणा सगळं विसरलो. ओरडलो, "थांबा! नारळ खाली ठेवू नका! गुरवदादा, हेच पुन्हा सांगा!"

दाजींनी डोळे उघडले. "बुवा, तुमचा काम कीर्तनाचा. गाऱ्हाण्यात मधी पडू नकात."

मी म्हटलं, "दाजी, दोन दिवस तुमचं मीठ खाल्लंय. म्हणूनच सांगतो. एकदा ऐका. तुम्ही कशाला होय म्हणालात ते एकदा ऐका!"

तातू गुरवांनी आधी दाजींकडे पाहिलं. देवळाचं वर्षाचं भात त्यांना दाजींच्या हातून मिळायचं. पण त्यांनी देवाकडे पाहिलं, नारळ वर धरला आणि पुन्हा सगळं सांगितलं. अक्षर न अक्षर. "हिच्या दारची वाट मोकळी कर रे म्हाराजा!"

आता सगळ्यांनी ऐकलं.

आणि मंडळी, एक आवाज नाही! तंबाखू मळणारा अंगठा थांबला. सरपंच छताची कौलं बघायला लागले. ऐकलं नव्हतं तोवर होय म्हणत होते, आणि ऐकल्यावर तोंडं बंद! मला वाटलं, संपलं. बुवा, केलंत ना वाटोळं! न ऐकता का होईना, निदान होय तरी मिळत होतं बिचारीला!

सत्यभामाकाकी पुढे आली. भांडली नाही. दाजींकडे बघितलंसुद्धा नाही. देवापुढे उभी राहिली आणि तिने आपल्या उरावर हात मारला. एकदा. धप्! पुन्हा. धप्! आणि तोंडातून एकच शब्द, "बाळा!" अहो, तीन वर्षांत त्या गावाने तिची कंप्लेंट ऐकली होती, तिचं रडणं ऐकलंच नव्हतं!

आणि बायकांच्या रांगेतून कुणीतरी पुढे आलं. कोण? सरोजवहिनी. दाजींची बायको! आम्हाला दोन दिवस उसळ वाढणारी, एक शब्द न बोलणारी. येऊन काकीच्या बाजूला उभी राहिली. म्हणाली, "हिचो नातू गेलो त्या दिवशी मी गडग्याच्या अलीकडे होतंय. हिची हाक आयकलंय. आयकलंय आणि चाय करत रवलंय." आणि आपल्या उरावर हात मारून ओरडली, "व्हय म्हाराजा!"

अरे, बांध फुटला! एक बाई उठली, दुसरी उठली. कडी लावणारी उठली. धप्! धप्! व्हय म्हाराजा! मग तातू गुरव. मग क्रिकेटवाली पोरं. मग सरपंच — शेवटी का होईना! आणि मी? मी त्यांच्यात होतो! माझा हात माझ्या उरावर कधी गेला मला कळलं नाही. मीसुद्धा सोलकढी मागितली होती ना!

एक माणूस राहिला. दाजी.

दाजी होय म्हणाले नाहीत. पायऱ्या उतरून चालायला लागले. लोक म्हणाले, गेले रागाने! दारात मागे वळले आणि तातूंना एवढंच म्हणाले, "मी येयसर नारळ फोडू नकात." मी येईपर्यंत फोडू नका! आणि गेले.

आम्ही सगळे मागून पळालो. तर दाजी बागेत, गडग्यापाशी. अंगात जत्रेचा नवा सदरा. पहिला चिरा दोन्ही हातांनी उपटला आणि बाजूला फेकला. दुसरा उचलला. साठीचा माणूस, दम लागलेला, पण कुणाला हात लावू देईना! चार चिरे एकट्याने काढले. पाचव्याला सरोजवहिनींनी दुसरी बाजू धरली, तेव्हा मात्र धरू दिली. मग सगळा गाव वाकला. तासाभरात रिक्षा जाईल एवढी वाट मोकळी! मग दाजी देवळात परतले, तेव्हा कुठे तातूंनी तो नारळ फोडला. काकीची माफी मागितली का? नाही हो! माणूस आहे, एका दिवसात किती बदलेल? गुरं शिरू नयेत म्हणून त्याने पुढे तिथे बेडं बसवलं, लाकडाचं फाटक. पण त्याला कुलूप नाही.

आणि तेराव्या दिवशी भर दुपारी रसिकाचं डोकं भणाणलं, डोळ्यांपुढे अंधारी आली. रिक्षा दारात आली. अर्ध्या तासात तालुक्याला. मुलगी झाली! दोघी सुखरूप! मला फोन कुणी केला? दाजींनी! म्हणाले, "बुवा, चेडू झाला!" आणि फोन सरोजवहिनींच्या हातात दिला.

मंडळी, आता सांगा. तक्रार करावी की करू नये?

मी सांगतो. करावी! दुखतंय त्याने ओरडावं! खोटं समाधान शिकवणाऱ्या माझ्यासारख्या बुवांचं ऐकू नये! दमयंतीबाई, तुमचं व्याकरण तुमच्यापाशी. ऊर एकट्याने बडवला तर नुसती छाती दुखते. शेजारच्याने बडवला तर गडगा पडतो. म्हणून पाप तक्रार करण्यात नाही. पाप आहे न ऐकता होय म्हणण्यात.

आणि ते पाप कोण करतं? वडाखोलची माणसं? अहो, ती कोकणात राहिली. इथे कोण बसलंय? घरी आई गुडघा धरून काही सांगते, आपण मोबाईलमध्ये बघत काय म्हणतो? "हो हो." बायको बोलते, "हो हो." शेजारी जिन्यात थांबून काही सांगू बघतो, "हो हो, बघूया." तीन तीन वर्षं हो म्हणतोय आपण, आणि ते कशाला, हे एकदाही ऐकलेलं नाही.

पुजारीबुवा, निरांजन लावू नका. घंटा खाली ठेवा. आरती होणार, पण आत्ता नाही. मंडळी, प्रत्येकाने आपल्या उजव्या हाताला बसलेल्या माणसाकडे वळा. लाजू नका. विचारा, तुझं काय दुखतंय? आणि तो सांगेल ते पुरतं ऐका. ऐकून होय म्हणवत असेल तर म्हणा. म्हणवत नसेल तर गप्प बसा, पण ऐका.

विचारा. मी थांबतो. मला काही घाई नाही.